रानातली हाळी आणि कारिन रेनक्विस्त यांचे संगीत

आजच्या भाषणात मी तुम्हांला कारिन रेनक्विस्त या स्वीडिश बाईंची ओळख करून देणार आहे. त्या संगीतरचनाकार आहेत. युरोपातील अभिजात संगीताच्या परंपरेत त्या काम करतात, आणि त्यांच्या देशात त्यांचे नाव आज आदराने घेतले जाते. आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “अहो, स्वीडन ते कुठे, तिथले संगीत ते काय, आणि आम्हां शेतकऱ्यांना नि शाळामास्तरांना त्याचे काय?” शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे की, या बाईंनी आपल्या संगीताची वाट ज्या आवाजातून काढली, तो आवाज गुरांमागे रानात हिंडणाऱ्या बायकांचा होता. गुरांना घरी बोलावण्याची हाक, आपण जिला हाळी म्हणतो ती, त्यांनी शहरातल्या संगीतसभेत नेली. आणि नेताना तिची धार बोथट होऊ दिली नाही. हे कसे घडले आणि त्यात विशेष ते काय, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी त्या हाळीविषयी बोलू, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

स्वीडन हा युरोपच्या उत्तरेचा देश. हिवाळा लांबलचक, बर्फ फार, आणि उन्हाळा जेमतेम तीन महिन्यांचा. देशाच्या मधल्या आणि उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, दालार्ना, हेल्सिंगलांद, येम्तलांद अशा प्रांतांत, गावालगतची जमीन थोडी. त्या जमिनीवरचे गवत उन्हाळ्यातच गुरांनी खाल्ले, तर हिवाळ्याच्या वैरणीचे काय? म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी एक तोड काढली. उन्हाळा लागला की गाई, शेळ्या, मेंढ्या गावापासून दूर, रानातल्या कुरणांवर न्यायच्या. तिथे लाकडी ओंडक्यांची लहान घरे, गोठे, आणि दुधाचे काम करायची जागा असे. अशा ठिकाणाला तिकडे ‘फेबूद’ म्हणतात. पुरुषमाणसे गावात राहून शेती आणि गवतकापणी उरकीत; फेबूदवर राहत त्या बहुतेक बायका आणि मुली. सकाळी धारा काढायच्या, गुरे रानात न्यायची, दुधाचे लोणी आणि चीज करायचे, संध्याकाळी गुरे परत आणायची. रानात अस्वले होती, लांडगे होते. म्हणजे काम कष्टाचे, आणि जोखमीचेही.

संध्याकाळी गुरे पांगलेली असत. झाडी दाट. साधा आवाज तिथे चार झाडांपलीकडे विरून जायचा. म्हणून या बायकांनी एक वेगळाच आवाज कमावला. फार उंच पट्टीतला, बारीक, सुरीसारखा धारदार, आणि मुळीच न कापणारा. शांत संध्याकाळी तो दऱ्या ओलांडून काही किलोमीटर जातो. या हाळीला स्वीडिश भाषेत ‘कुलनिंग’ असे नाव आहे. वेगवेगळ्या प्रांतांत तिला आणखीही नावे आहेत. हाळीच्या सुरुवातीला पुष्कळदा बोलल्यासारखे दोन शब्द येतात, गाईचे नाव येते, आणि मग आवाज एकदम वर झेपावतो, तिथे गिरक्या घेतो, खाली उतरतो, पुन्हा चढतो. गाईंना एक हाळी, शेळ्यांना दुसरी. गुरे आपल्या बाईचा आवाज ओळखीत. शिवाय पलीकडच्या कुरणावरच्या बाईला निरोप द्यायचा, गुरू हरवले आहे किंवा सापडले आहे हे कळवायचे, जनावराला भिववून लावायचे, हीही कामे त्याच आवाजाने होत.

तेव्हा हे गाणे खरे, पण श्रोत्याला रिझवण्यासाठी गायलेले नव्हे. हे कामाचे गाणे. गाय आली तर गाणे साधले, नाही आली तर पुन्हा गायचे, असा रोकडा हिशेब!

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्वीडनची शेती बदलत गेली. कारखाने आले, दुधाचा धंदा वेगळ्या रीतीने चालू लागला, आणि फेबूद एकामागून एक बंद पडू लागल्या. नेमके त्याच सुमारास सुशिक्षितांना लोकसंगीताची गोडी लागली. १९०८ मध्ये लोकसंगीत गोळा करण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्या कामातून पुढे, १९२२ ते १९४० या वर्षांत, स्वीडिश चालींचे २४ खंड छापून निघाले. केवढा हा उद्योग! परंतु गोळा करणाऱ्यांचा भर फिडल वाजवणाऱ्यांच्या चालींवर होता, आणि फिडल वाजवणारे बहुतेक पुरुष. रानातली हाळी कागदावर उतरवणे मुळातच कठीण. तिचे काही सूर पियानोच्या पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडतात.

याच काळात मोठे रचनाकारही लोकसंगीताकडे वळले. हूगो अल्वेन यांची १९०३ सालची ‘मिडसमर’ रात्रीवरची वाद्यवृंद-रचना आजही स्वीडनमध्ये घराघरांत ठाऊक आहे. तिच्यात खेड्यातल्या नाचांच्या चाली आहेत आणि त्या फार बहारीने गुंफल्या आहेत. पण एक ध्यानात घ्या. अशा रचनांतून चाल तेवढी घेतली जाते. जिच्या गळ्यातून किंवा ज्याच्या हातातून ती आली त्याचा खरखरीत आवाज मागे गावातच राहतो. चाल उचलणे सोपे असते, आवाज उचलणे अवघड. कारिन रेनक्विस्त यांचे वेगळेपण इथे आहे. त्यांनी चालीपेक्षा आवाजाला धरले.

आता त्यांच्या आयुष्याकडे वळू. कारिन रेनक्विस्त यांचा जन्म १९५७ साली स्टॉकहोम येथे झाला आणि बालपण दक्षिणेकडच्या स्मोलांद प्रांतात, नीब्रू या लहानशा गावी गेले. हा भाग काचकामासाठी प्रसिद्ध आहे. पुढे त्या स्टॉकहोमच्या राजकीय संगीत महाविद्यालयात शिकल्या. आमच्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना ऐकून बरे वाटेल की, त्यांनी आधी संगीतशिक्षकाचे शिक्षण घेतले आणि रचनेचा अभ्यास त्यानंतर, १९८० च्या सुमारास, सुरू केला. १९७६ ते १९९१ अशी पंधरा वर्षे त्यांनी ‘स्तान्स शर’ नावाचा एक गायकवृंद चालवला. समूहाकडून गाऊन घेणे म्हणजे काय, हे ज्यांनी शाळेत प्रार्थना बसवली आहे त्यांना सांगायला नको. कोणाचा आवाज कुठे फुटतो, कोण कुठे घाबरतो, कोणाला कुठे उभे केले की तो खुलतो, हे सारे कानाने आणि डोळ्याने शिकावे लागते. रेनक्विस्तबाईंची माणसाच्या आवाजाविषयीची समज अशी हाताखालच्या कामातून आली.

इथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्या शास्त्रीय संगीतात गवई राग मांडतो तो तिथल्या तिथे, स्वतःच्या प्रतिभेने. युरोपच्या अभिजात परंपरेत रचनाकार वेगळा आणि गाणारा-वाजवणारा वेगळा. रचनाकार प्रत्येक सूर, त्याची लांबी, त्याचा जोर कागदावर लिहून देतो, आणि मग इतर लोक ते वाजवतात. तिथली गायिका शिकलेली असते ती गोल, भरदार, किंचित कापऱ्या आवाजात गायला. अशा गायिकेपुढे हाळीचे सूर लिहून ठेवले, तर ती ते सूर गाईल. पण हाळी उमटेलच असे नाही. आवाजाचा बाजच निराळा. मग करायचे काय? रेनक्विस्तबाईंनी लोकपरंपरेत मुरलेल्या गायिकांनाच बरोबर घेतले. लेना विलेमार्क ही दालार्नातल्या एल्व्हदालेन भागातली, आणि सुसान रोसेनबर्ग ही दुसरी. दोघीही त्यांच्याच पिढीच्या. लिहिणारी आणि गाणाऱ्या अशा मिळून पुढच्या रचना उभ्या राहिल्या.

त्यांचे नाव प्रथम गाजले ते ‘दाविद्स निम’ या रचनेने. ही १९८४ च्या सुमाराची. तीन स्त्री-आवाज, वाद्य एकही नाही. मौज अशी की, त्यांनी ‘पोल्स्का’ नावाच्या तीन मात्रांच्या लोकनृत्याचे गायन ध्वनिफितीवर घेतले, आणि फीत उलटी फिरवून ऐकली. शब्दांना अर्थ उरला नाही. सूर कुठून तरी उगवावेत आणि एकाएकी तुटावेत तसे होऊ लागले. ते जे काही ऐकू आले, ते त्यांनी बारकाईने लिहून काढले आणि त्यावर रचना बांधली. तुम्ही म्हणाल हा पोरखेळ. पण ऐकताना तसे वाटत नाही. कोणत्या तरी फार जुन्या, आपल्याला न येणाऱ्या भाषेत तीन बाया काही महत्त्वाचे बोलत आहेत असे वाटते. ओळखीचे गाणे उलटे केल्यामुळे कानाला त्याची सवय उरत नाही, आणि आवाज कसा आहे तो पहिल्यांदा ऐकू येतो.

त्यानंतर १९८९ मध्ये आली ‘पूकसोंगेर – लॉकरूप’. पहिल्या शब्दाचा अर्थ नगाऱ्याची गाणी, दुसऱ्याचा अर्थ गुरांना घातलेली साद. दोन गायिका आणि तालवाद्ये, एवढाच सरंजाम. वाद्यांत टिंपनी, म्हणजे आपल्या नगाऱ्यासारखी मोठी तांब्याची वाद्ये, मुख्य. गायिका हाळीच्या आवाजात गातात. जो आवाज दरीपलीकडच्या गाईसाठी घडला, तो चार भिंतींच्या आत, पाचपन्नास पावलांवर बसलेल्या माणसांवर येऊन आदळतो. ऐकणारा खुर्चीत सावरून बसतो.

आणि या रचनेच्या शब्दांत काय आहे? इतर मजकुराबरोबर त्यात जुन्या फिनी म्हणी आहेत, बायकांना हिणवणाऱ्या. अशा म्हणी कोणत्या देशात नाहीत? बाईची अक्कल काढणाऱ्या, तिला जनावराच्या पंक्तीला बसवणाऱ्या म्हणी आपल्याही बोलण्यात आहेत. त्या इथे उच्चारण्याची गरज नाही. एरवी अशी म्हण कोणी हसत हसत टाकतो आणि बाई गप्प बसते. इथे त्याच म्हणी बायकांच्या तोंडी येतात, आणि त्यांच्या शेजारीच ती हाळी उभी राहते. मला यात रचनेचे मर्म दिसते. ज्या बाईला चारचौघांत हळू बोल म्हणून सांगितले, तिलाच रानात सर्वांत मोठा आवाज काढावा लागत होता. कारण त्यावर घरादाराचे दूधदुभते अवलंबून होते. म्हणजे तिला आवाज नव्हता असे नाही. तो आवाज गावाने आपल्या सोयीपुरता रानात ठेवला होता. रेनक्विस्तबाईंनी तो गावात, आणि गावातून राजधानीत आणला.

पुढे १९९४ मध्ये त्यांनी ‘सूलसोंगेन’, म्हणजे सूर्याचे गाणे, ही रचना केली. मध्ययुगातल्या एका आइसलँडी काव्याचा तिला आधार आहे. त्या काव्यात मृत पिता परलोकातून मुलाशी बोलतो आणि आपण शेवटचा सूर्य कसा पाहिला ते सांगतो. इथेही लेना विलेमार्कच्या गळ्यातला तो लख्ख, सरळ आवाज आहे, आणि सोबत वाद्यवृंद. १९९९ मध्ये स्वीडनची एक संशोधन-मोहीम उत्तर ध्रुवाकडच्या कॅनडाच्या प्रदेशात गेली, तीत रेनक्विस्तबाई कलावंत म्हणून सामील झाल्या. त्या प्रवासातून ‘आर्क्तिस आर्क्तिस!’ ही वाद्यवृंदाची रचना झाली. लहान मुलांच्या गायकवृंदांसाठीही त्यांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि मुलांसाठी म्हणून सोपे, गोडगोड लिहावे असा त्यांचा बाणा नाही.

येथे स्त्रियांचा विषय निघालाच आहे, तर थोडा मागचा इतिहासही सांगतो. स्वीडनमध्ये राजकीय संगीत अकादमी स्थापन झाली १७७१ मध्ये. एकोणिसाव्या शतकात विस्बी गावची एल्फ्रिदा आंद्रे ही मुलगी ऑर्गन वाजवायला शिकली. पण चर्चमध्ये ऑर्गनवादकाची जागा बाईला मिळण्याची सोय कायद्यात नव्हती. तिने आणि तिच्या वडिलांनी खटपट केली आणि १८६१ मध्ये नियम बदलला. १८६७ मध्ये ती गोथेनबर्गच्या मुख्य चर्चची ऑर्गनवादक झाली, आणि १९२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या जागेवर राहिली. तिने वाद्यवृंदासाठी सिंफनीही रचल्या. इतके होऊनही रचनाशास्त्राच्या प्राध्यापकपदावर स्वीडनमध्ये स्त्री यायला २००९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी स्टॉकहोमच्या राजकीय संगीत महाविद्यालयाने कारिन रेनक्विस्त यांना त्या पदावर नेमले. अकादमीच्या स्थापनेपासून मोजले तर २३८ वर्षे झाली! स्वीडन हा स्त्री-पुरुष समानतेत पुढारलेला देश म्हणून आपण नेहमी उदाहरणाला घेतो. तेथेही हे एवढ्या सावकाश घडले, हे लक्षात असू द्यावे.

अलीकडे त्यांनी ‘सायलेंट अर्थ’, म्हणजे मूक पृथ्वी, ही गायकवृंद आणि वाद्यवृंद यांची मोठी रचना केली. शब्द शेस्तिन पेर्स्की यांचे. माणसाने पृथ्वीची जी दशा केली आहे, तो हिचा विषय. या रचनेसाठी त्यांना २०२२ चे नॉर्डिक कौन्सिलचे संगीत-पारितोषिक मिळाले. उत्तर युरोपच्या देशांचा हा मोठा मान समजला जातो. पूर्वी ज्यांच्या गाण्यात बाई गाईला हाक मारीत होती, त्यांच्या या गाण्यात साद आपल्या सर्वांना आहे. ऐकून कोण परत फिरतो ते पाहायचे.

आता एक आक्षेप घेतला जातो, तो टाळून चालणार नाही. काही जण म्हणतात, गाय नाही, रान नाही, मग ती हाळी कसली? तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे हाळी घातली की तिचा तमाशा होतो. या म्हणण्यात तथ्य आहे. कामाचे गाणे कामापासून तोडले की ते पुष्कळदा शोभेची वस्तू होते. पितळी घंगाळ्यात प्लास्टिकची फुले ठेवावीत, तसला प्रकार. पण रेनक्विस्तबाईंनी रंगमंचावर खोटे फेबूद उभारले नाही. गायिकेला जुना पोशाख घालून गवळण केले नाही. हाळीमधले जे खरे, ते त्यांनी घेतले: दूरच्या कोणाला तरी निकडीने बोलावण्याची शक्ती. निकड बदलली, आवाज तोच राहिला. जुनी गोष्ट जिवंत ठेवण्याचा मला तरी हाच प्रामाणिक मार्ग दिसतो.

स्वीडन आणि नॉर्वे या दोन देशांतली फेबूदची पद्धत, तिच्यातल्या ज्ञानासह आणि परंपरांसह, २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. चांगले झाले. आजही थोड्या फेबूद चालू आहेत, आणि कुलनिंग शिकणाऱ्या मुली तर शहरांतूनही निघाल्या आहेत. पण यादीत नाव गेल्याने आवाज टिकत नाही. आवाज टिकतो तो एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेला तर. विलेमार्क, रोसेनबर्ग यांच्यासारख्या गायिकांनी तो जुन्या बायकांकडून उचलला आणि रेनक्विस्तबाईंनी त्याला नवे काम दिले, म्हणून तो आज आहे.

श्रोतेहो, शेवटी शिक्षकांना एक विनंती. तुमच्या वर्गातल्या मुलांना एक काम द्या. घरातल्या आजीला, शेजारच्या म्हाताऱ्या गुराख्याला विचारायला सांगा, तुम्ही गुरांना कशी हाक मारीत होता? बैलाला काय म्हणत होता, शेळीला काय, वासराला काय? मोटेवर, मळणीला काय गात होता? आज खेड्यातही पुष्कळांच्या खिशात मोबाइल असतो. त्यात तो आवाज साठवून ठेवायला पैसा लागत नाही. ते ऐकून मग मुलांना तसा आवाज काढून पाहू द्या. वर्गात गोंधळ होईल, शेजारच्या वर्गाचे गुरुजी डोकावतील. होऊ द्या. त्यातून एखादा रचनाकार निघेलच असे मी म्हणत नाही. पण ज्या आवाजाला आपण अडाणी म्हणून खाली मान घालतो, तो आवाज कोणी मन लावून ऐकला तर त्यातून केवढे काम उभे राहू शकते, हे कारिन रेनक्विस्त यांनी दाखवून दिले आहे. आजीला जर नातवाने विचारले, “आजे, ती हाळी एकदा घालून दाखव,” तर ती आधी लाजेल, नको म्हणेल, आणि मग घालील. तेवढ्यासाठी तरी विचारा.